ऑसम म्हणाली आणि मशीन निघालं

...आणि काढले हो शेवटी पडदे! दिवसाढवळ्या, खिडकीला लावलेले पडदे! समोरच्या बिल्डिंगमधली बाई कपडे वाळत घालता घालता आमच्या घरात बघतेय, आमचे हे बनियनवर पेपर वाचत बसलेत, आणि मी स्टुलावर चढून दांडीतून पडदे ओढून काढतेय. का? तर सूनबाई म्हणाली, ऑसम! बस. एवढंच. एक शब्द बोलली आणि सगळं घर उघड्यावर आणलं की हो तिनं! नाही, मी म्हणते, नावाजणं म्हणजे काय गंमत आहे का?

थांबा, तुम्हाला नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ह्या बाईचं डोकं फिरलंय.

आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो. मी चित्रा, घरी ब्लाउज शिवते. आमचे हे म्हणजे सुधीर, एकुलता एक मुलगा विनीत, आणि आम्हा सगळ्यांच्या वर... म्हणजे वरच्या मजल्यावर नाही हो, हुकमानं वर... आमच्या सासूबाई, रखमाबाई. मूळच्या कोकणातल्या. आणि त्यांच्या गावात एक रीत. पाहुण्यानं घरातली वस्तू नावाजली की ती त्याला देऊन टाकायची. का? तर ज्याच्या तोंडून कौतुक निघालं त्याचा जीव त्या वस्तूत अडकला, आता ती तुम्ही ठेवून घेतलीत तर ती फुटणार, नासणार, तुम्हाला लाभायची नाही. आणि याला पुरावे आहेत म्हणे! सासऱ्यांच्या बैलाला कुणीतरी म्हणालं, 'काय बैल आहे!' सासऱ्यांनी दिला नाही. कसा देतील? बैल आहे तो, भोपळा आहे का? आणि पुढच्याच आठवड्यात बैल लंगडला. आता बैल एरवी लंगडत नाहीत? पण हे सासूबाईंना कोण सांगणार? तुम्ही सांगता? या, मी पत्ता देते.

पण एक होतं. त्या रीतीनं माणसं जपून बोलायची. शेजारच्या भिवाभावजींना कोयता हवा असला की ते अंगणात यायचे, इकडचं तिकडचं बोलायचे, सुपारी कातरायचे, आणि निघता निघता म्हणायचे, 'धार झकास आहे हो तुमच्या कोयत्याची.' सासरे काय ते समजायचे. कोयता भावजींच्या हातात! ना मागणाऱ्याला लाज, ना देणाऱ्याचा तोरा. आणि ज्याला वस्तू नको असेल तो गप्प बसायचा. शब्दाला वजन होतं! तोंडातून 'झकास' काढायचं तर ते उचलून घरी न्यायची तयारी लागायची. त्या गावात कुणी कधी जातं नावाजलं नाही, तुम्हाला सांगते. जड असतं.

आणि अशा घरात मी सून म्हणून आले. म्हणजे माझं कौतुक कुणी केलं असेल? माझी भाजी आवडली की आमचे हे म्हणतात, 'आज भाजी कमी केलेलीस का?' हे कौतुक! नवी साडी नेसले की, 'कुठे चाललीस?' हेही कौतुक! पहिली काही वर्षं मी रडले, मग शिकले. ताट रिकामं दिसलं की समजायचं, आज आपलं नाव निघालं. म्हटलं ना, नावाजणं म्हणजे काय गंमत आहे का?

आणि मग आली आमची क्षिप्रा.

पोर गुणाची आहे हं. वाईट नाही म्हणणार मी. माजिवड्याला टोलेजंग बिल्डिंगमध्ये वाढलेली, शिकलेली, ऑफिसात मोठं काम. लग्न झाल्यावर दोघं बाळकुमला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात, रविवारी न चुकता आमच्याकडे येतात. सगळं छान. पण तोंड! पाणी दिलं, ऑसम. लिफ्ट चालू होती, ऑसम. 'क्षिप्रा, किती वाजले गं?' 'साडेपाच, आई.' 'बरं, चहा टाकते.' 'ऑसम!' अगं, साडेपाच वाजले, चहाची वेळ झाली, ह्यात ऑसम काय? रोज वाजतात! सासूबाईंच्या गुडघ्याचा एक्सरे बघितला तर म्हणते, 'आजी, किती क्लिअर आलाय, ऑसम!' म्हातारीच्या गुडघ्यात वाटी उरलेली नाही आणि हिला फोटो आवडला!

आणि आमच्या सासूबाई! एरवी कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत त्यांना. भात करपला तरी पत्ता नाही. पण ऑसम? ऑसम आतल्या खोलीत, दार लावून, पंखा चालू असताना ऐकू येतं!

'काय गो म्हणाली ती?'

'काही नाही हो, आई.'

'नावाजलंन ना?'

'म्हणजे... पडदे छान आहेत म्हणाली.'

'मग काढ.'

काढ! एका शब्दात! मी ह्यांच्याकडे बघितलं. म्हटलं, बोला काहीतरी. तर पेपर तसाच डोळ्यासमोर धरून म्हणतात, 'आई म्हणते तर दे की, उगाच वाद कशाला.' बनियनवर बसलेला माणूस आणि पडदे जाताहेत, आणि म्हणे वाद कशाला!

पडदे गेले. पुढच्या रविवारी भिंतीवरचं घड्याळ. त्याच्या पुढच्या रविवारी लोणच्याची बरणी, लोणच्यासकट, आत्ता कुठे मुरायला लागलेलं हो! मग हिची आई आली एकदा, आमच्या विहीणबाई. ती तर लेकीच्या वर! दारात पाऊल टाकलं आणि 'ऑसम नेमप्लेट!' गेली नेमप्लेट. पोस्टमन विचारतो, हे घर तुमचंच का? आत येऊन त्यांची नजर सोफ्यावर गेली, तोंडाचा आ झाला, आणि तुम्हाला सांगते, मी धावत जाऊन त्या आ मध्ये अख्खा बेसनाचा लाडू घातला. हो! नाहीतर बसलो असतो जमिनीवर.

आणि बदल्यात काय यायचं? आपल्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत, तेवढी रीत त्यांनाही माहीत. तर बरणीतून आली वासाची मेणबत्ती! म्हटलं बरं झालं, लाइट गेली की लावू. तर क्षिप्रा म्हणते, 'नाही नाही आई, ती अंधारासाठी नसते.' मग मेणबत्ती काय उन्हात लावायची? मेली कशाचं कौतुक करावं आणि कशात काय लावावं, काही धरबंध आहे का ह्यांना? नावाजणं म्हणजे काय गंमत आहे का?

पण हे सगळं मी सोसलं. गरीब स्वभाव माझा, मी आपली सोसते. जोवर तिची नजर माझ्या मशीनवर गेली नाही तोवर.

माझं पायाचं शिलाई मशीन! आंबिवलीहून, माझ्या माहेरहून आलेलं. ह्या घरात बाकी सगळं सासरचं, ताटवाट्यांपासून देवांपर्यंत. एक ते मशीन तेवढं माझं. खिडकीपाशी असतं. दुपारी सगळे झोपले की मी त्यावर बसते, पाय चालू, डोकं बंद, कुणी हाक मारली तरी 'शिवतेय!' म्हणायची सोय. हे मला कधीचे सांगतात, विजेचं घे, नाहीतर बंद कर आता शिवणकाम, वय झालं. त्यांना काय कळणार? बाईला घरात बसायला एक जागा लागते जिथून तिला कुणी उठवत नाही.

तर त्या रविवारी क्षिप्रा मशीनपाशी उभी राहिली, लोखंडी पायावरच्या वेलबुट्टीवरनं हात फिरवला आणि म्हणाली, 'वॉव आई... हे तर एकदम ऑसम आहे!'

माझ्या हातातली कात्री खाली पडली.

आतून आवाज आला, 'काय गो म्हणाली ती?'

मी म्हटलं, 'शिंकली!' खोटं बोलले, हो. पण म्हातारी काठी टेकत बाहेर आली. सगळ्यांकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, आणि म्हणाली, 'दे तिला.'

विनीत म्हणतो, 'अगं आजी, राहू दे ना.' सासूबाई म्हणतात, 'बैल आठव.' झालं! बैल निघाला की ह्या घरात सगळ्यांची वाचा जाते. आणि आमचे हे, इतका वेळ गप्प बसलेला माणूस, नेमकं तेव्हाच तोंड उघडतात, 'पण ठेवाल कुठे गं एवढं मोठं?' क्षिप्रा एकदा माझ्याकडे बघते, एकदा आजींकडे, आणि म्हणते, 'हॉलमध्ये... वर काच बसवून... टेबलासारखं... त्यावर मनी प्लांट ठेवता येईल.' 'आणि वरचं मशीन?' 'ते काढून... शोपीस म्हणून.'

शोपीस! माझ्या मशीनचं मुंडकं उडवायचं आणि त्याच्या धडावर झाड लावायचं! आणि तुम्हाला सांगते, त्याच संध्याकाळी मी शिवायला बसले आणि मशीनचा चामड्याचा पट्टा तुटला. फटकन! सासूबाई नुसत्या म्हणाल्या, 'बघितलंस?' आता मी ह्या असल्या गोष्टी मानणारी नाही. पण तुटलेला पट्टा हातात घेतल्यावर थोडं मानावंसं वाटतंच की नाही?

पुढच्या रविवारी टेंपो ठरला. विनीतच्या मित्राचा, प्रीतमचा. माझं जेवणावरचं मन उडालं. आणि मग मला वाटलं, अगं चित्रा, ज्या शब्दापायी घर धुऊन निघालं, त्या शब्दाचा अर्थ तरी नीट विचारलास का कधी? आपण धरून चाललो, ऑसम म्हणजे छान. कुणी सांगितलं? मी दहावीला इंग्रजीत काठावर सुटलेली बाई, मी ठरवणार?

आमच्या शेजारी आबा राहतात. हायस्कूलात इंग्रजी शिकवायचे. रिटायर झाले, पण शिकवायचे थांबले नाहीत, फक्त आता वर्ग पळून जातो. मी आपण होऊन गेले म्हटल्यावर इतका आनंद झाला त्यांना! म्हटलं, 'आबा, ऑसम म्हणजे काय हो?' म्हणाले, 'बसा, चित्राताई.' बसा म्हणाले तेव्हाच कळलं, गॅसवरची आमटी आटणार.

'असं बघा, ह्या शब्दाचं मूळ भयात आहे. ऑ म्हणजे भय. फार पूर्वी उत्तरेकडचे दर्यावर्दी लोक इंग्लंडात आले, त्यांच्या भाषेत अगी म्हणजे धडकी, भीती. तो शब्द इंग्रजांत रुजला. पुढे तो धर्माच्या भाषेत शिरला. परमेश्वरापुढे उभं राहिल्यावर माणसाला कापरं भरतं ना, ते भय. त्याला सम जोडलं की झालं ऑसम. जे पाहून काळजात धस्स होतं, ते. वादळ ऑसम. कडाडणारी वीज ऑसम.'

'आणि पडदे?'

आबांनी चष्मा वर केला. 'कसले पडदे?'

'खिडकीचे. फुलाफुलांचे.'

'छे. पडदे नाहीत.'

'साडेपाच वाजलेले?'

'चित्राताई, आपली प्रकृती बरी आहे ना?'

म्हटलं, 'मग छान ह्या अर्थानं कधीपासून म्हणायला लागले हो?' तर म्हणाले, अगदी अलीकडे, तिकडे अमेरिकेतल्या पोरासोरांच्या तोंडी लागला आणि झिजून झिजून गुळगुळीत झाला. आणि हा एकटाच नाही म्हणे! ते टेरिफिक, ते सरळ दहशतीतून आलेलं. आणि नाईस? नाईसचं मूळ लॅटिन, अर्थ अडाणी! पूर्वी इंग्रजीत मूर्ख माणसाला नाईस म्हणायचे!

आता बोला! बिल्डिंगच्या ग्रुपवर मी रांगोळीचा फोटो टाकते आणि खाली सगळ्या जणी ओळीनं नाईस, नाईस, नाईस! म्हणजे मला काय म्हणत होत्या? आणि मी खाली हात जोडून थँक्यू! मी म्हणते, एवढं राज्य केलं त्या इंग्रजांनी, पण कौतुकाला एक धड शब्द करता आला नाही? घाबरवलं की ऑसम, डोकं नसलं की नाईस! आणि तेच आपण उचलून आणलं, चहाला, लिफ्टला आणि म्हातारीच्या गुडघ्याला लावलं!

पण मला काय त्याचं? माझं मशीन वाचत होतं! आमटीला आग लागो, मी तशीच धावत घरी. 'आई! आई, ती नावाजत नाहीये! ऑसम म्हणजे घाबरले! आबांनी सांगितलं, मूळ अर्थ तोच आहे!'

सासूबाईंनी काठी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, 'पडद्यांना घाबरली?'

'हो.'

'लोणच्याला?'

'हो हो, आई.'

'मशीनला?'

'त्याला तर फारच. एकदम ऑसम म्हणाली ना! म्हणजे मशीन द्यायचं नाही ना आता?'

'जिला घाबरली ती वस्तू तिच्याच घरात नेऊन ठेवायची? वेडी आहेस का गो?'

सुटले! म्हटलं, इंग्रजांचं भलं होवो. पण सासूबाईंचं संपलं नव्हतं. म्हणाल्या, 'पोर लग्न झाल्यापासून घाबरतेय, आणि तुम्ही कुणी मीठमोहरी उतरवली नाहीत?'

रविवारी खाली टेंपो येऊन उभा. वर क्षिप्रा दारात. चप्पल काढते न काढते तोच सासूबाईंनी तिला पाटावर बसवली. मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या मुठीत, तोंडानं पुटपुट, डोक्यापासून पायापर्यंत उतरवलं आणि दिलं गॅसवरच्या तव्यावर टाकून. आता तुम्हाला माहीतच आहे, मिरच्यांचा ठसका लागला नाही तर नजर होती, लागला तर नव्हती. असा ठसका लागला हो! विनीत बाल्कनीत, आमचे हे पेपरात तोंड खुपसून, प्रीतम खालून ओरडतोय, 'काकू, आग लागली का?'

सासूबाई खोकता खोकता म्हणाल्या, 'म्हणजे नजर नाही. मग पोरी, घाबरतेस तरी कुणाला?'

आणि क्षिप्रा, नाकाडोळ्यांतून पाणी, मिरचीचं की कसलं कोण जाणे, पाटावर बसल्या बसल्या म्हणाली, 'तुम्हाला, आजी.'

विनीत बाल्कनीतून आत डोकावला.

'तुम्हाला. आणि आईंना. बाबांना पण, बाबा काही बोलतच नाहीत ना! मम्मीनं सांगितलेलं, सासरी दिसेल त्याला ऑसम म्हण, कुणाला वाईट वाटायला नको. मी म्हणाले, तर तुम्ही पडदेच काढून दिलेत! नको म्हटलं तर राग येईल म्हणून घेतले. आमच्या खिडक्यांना होत नाहीत ते, आखूड आहेत. बेडखाली ठेवलेत. घड्याळ पण बेडखाली, टिकटिक ऐकू येते झोपताना. मग पुढच्या वेळी अजून टेन्शन, म्हणून अजून ऑसम, म्हणून अजून सामान! आई, आता बेडखाली जागा नाही हो!'

मी म्हटलं, 'अगं, पण ती काच? तो मनी प्लांट?'

'मग काय सांगणार होते मी? बाबांनी विचारलं कुठे ठेवणार! मला मशीन नकोच होतं. मला भीती वाटते त्याची, केवढं लोखंड आहे!'

आता तुम्हाला सांगते, मी तिथेच बसले खाली तिच्याशेजारी. इतके दिवस मी ह्या पोरीच्या नावानं बोटं मोडत होते. हिला शब्दाची किंमत नाही, हिला काही कळत नाही. आणि ती आपली दर रविवारी जीव मुठीत धरून आमचा जिना चढत होती. मला माझे पहिले दिवस आठवले. मी गप्प राहून घाबरायची, ही बोलून घाबरत होती, एवढाच काय तो फरक. मी तिचं तोंड पदरानं पुसलं. म्हटलं, 'आजपासून ह्या घरात ऑसम बंद. जे मनात येईल ते बोलायचं. बरं तर बरं, वाईट तर वाईट. कुणी खाणार नाही तुला.' सासूबाई म्हणाल्या, 'आणि मागितल्याशिवाय कुणी काही देणार नाही.' पोर हसली. टेंपो रिकामा गेला. मशीन राहिलं.

इथं गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं.

मशीनला नवा पट्टा घातला मी. आनंद पोटात मावेना. म्हटलं, हिच्या मावसबहिणीचा साखरपुडा आहे, आपल्या हातानं ब्लाउज शिवू. सगळी कामं बाजूला ठेवली हो! काठ कसा जुळवला, पाठीला नाजूक पायपिंग, गोंडे हातानं केलेले. जीव ओतला अगदी. रविवारी आली तशी हातात ठेवला. घालून बाहेर आली. आरशात पुढून बघितलं, मागून बघितलं. मी उभी, हात पुसत. ह्यांनी पेपर खाली घेतला. सासूबाई काठीवर हनुवटी टेकून बसलेल्या.

'आई, खरं सांगू?'

'सांग ना गं, मीच म्हटलंय तुला, मनात असेल ते सांग.'

'बाह्या घट्ट होतायत. पाठीला चुण्या पडतायत. आणि गळा ना... गळा जरा आजींसारखा वाटतोय.'

सासूबाई म्हणाल्या, 'खरं बोलते पोर. माझाच आहे तो गळा.' आणि आमचे हे! लग्न झाल्यापासून माझ्या कामावर धड चार शब्द बोलले नाहीत, ते म्हणतात, 'मला पण वाटलेलं, गळ्याचं बिघडलंय.'

तर आता बसलेय उसवत. टाका न टाका. तुम्हाला म्हणून सांगते, मीच शिकवलं तिला, पोर मनापासून बोलली, खरं तेच बोलली, मला बरं वाटायला हवं, वाटतंय पण... तरी मी म्हणते, त्या दिवशी एकदा, अगदी एकदाच, तेवढं ऑसम म्हणाली असती तर काही बिघडलं असतं का हो?